हातचा

किगारामाच्या उतारावर, केळीच्या बागेमागे,
एक मीटर तीसची काठी टेकवून
मुसिझीच्या खोडाला मी फीत गुंडाळतो.
चढाच्या अंगानं उभं राहूनच मोजायचं, नियम आहे;
खालून मोजलं की झाड उगाच जाड भरतं.

बारुगाहारे आकडा ओरडतो : चौतीस पूर्णांक दोन.
मी लिहितो.
व्यासावरून वजन, वजनाच्या निम्मा कार्बन.
मुळं कुणी खणून बघत नाही,
ती एका गुणकावर धरून चालायची,
जशी माणसं शेजाऱ्याची दानत धरून चालतात.

गोठ्यात बिहोगो रवंथ करतेय,
गडद तांबडी, कमानीसारखी शिंगं.
तिच्या प्रत्येक ढेकराला माझ्या तक्त्यात जागा आहे,
तिला नाही.
‘इतर गुरे : एक’
एवढंच लिहून मी पुढं सरकतो,
आणि ती माझ्याकडं बघत राहते
न मोजलेल्या डोळ्यांनी.

मग तो रकाना येतो, ज्याला मी दर वेळी भितो :
आम्ही आलोच नसतो तर?

क्योमुहेंडो हसते.
“तुम्ही आला नसतात
तर एव्हाना माझ्या शेंगा सोलून झाल्या असत्या.”
झाडांचं विचारतोय, मी म्हणतो.
घडलेलं नाही असं एक वर्ष हवंय मला,
त्यातली तोड, त्यातला धूर, त्यातली विक्री,
आणि खाली तुमचा अंगठा किंवा सही.

ती सूप बाजूला ठेवते.
बांधावरचे ते दोन सडपातळ? वीटभट्टीवाल्याला देणार होते,
भावही ठरला होता.
शेळ्यांच्या वाड्यापाशी पाच निलगिरी? त्याही गेल्या असत्या.
आणि हा मोठा?
ती मान वर करते, खूप वर, जिथं ढोलीत मधमाश्या आहेत.
“हा? याला कोण हात लावणार?
माझ्या सासऱ्यानं नाही लावला, दुष्काळात.”

झालं. मोठा गेला.
जे राहणारच होतं ते राहिलं,
त्याचं श्रेय कुणाला देता येत नाही.
डोंगरावरचं सगळ्यात जड झाड
माझ्या वहीत शून्य होऊन उभं राहतं,
आणि कुऱ्हाडीचा भाव ठरलेले दोन किडमिडे
टनांनी वाढायला लागतात.

जाता जाता तीच म्हणते,
न विचारता, शेंगांची टरफलं झटकत :
“हेही लिहा. मी आता लाकूड तोडत नाही,
पण कोळसा विकत घेते, दिराकडून.”
आणि बोट दाखवते पलीकडच्या टेकडीकडं,
जिथं मातीनं लिंपलेल्या भट्टीतून
निळसर, सरळ, अगदी निवांत
धूर वर चाललाय.

एवढं खरं बोलायची गरज नव्हती, बाई.
माझा तक्ता तुमच्या कुंपणाशीच संपतो.
मी वजाबाकी मांडतो.
पेन्सिलीचं टोक तुटतं.
खोटं बोललात असतात तर
बारुगाहारेच्या शाळेचं छप्पर थोडं लवकर झालं असतं,
हेही मला माहीत आहे
आणि याला रकाना नाही.

तेवढ्यात पोरगा हातोडी घेऊन मोठ्या झाडाशी,
पत्र्याचा बिल्ला, त्यावर सतरा.
मोजलं त्या प्रत्येक झाडाला नंबर, तोही नियम.
“थांब रे,” ती ओरडते.
मग माझ्याकडं वळून, शांतपणे :
“त्याचं शून्य आहे म्हणालात ना?
मग त्याला खिळा कशाला?”

बोडाबोडावर मागं बसून घाट उतरताना
दर खड्ड्याला खिशातला तो खिळा टोचतो.
बेरीज मी तीनदा केली.
तीनही वेळा हातचा एक उरला
आणि तो कुठल्या घरात मिळवायचा
ते मला कुणी शिकवलेलं नाही.